ओल्या चुन्याचे दिवस

केतकीचं पत्र उन्हाळ्यात आलं होतं. दसरा उलटला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

केतकी माझी मुलगी. भोपाळला असते, पन्नाशीला आली आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, तिकडचा उकाडा, शेजाऱ्यांचा कुत्रा, एवढं बोलून होतं. पत्राचा विषय ती काढत नाही आणि मीही काढत नाही. या बाबतीत आम्ही दोघं सारखेच. अवघड गोष्ट तोंडानं बोलवेना म्हणून तिनं ती कागदावर लिहिली, आणि मला कागदावरही बोलता येईना.

पत्र लहानच होतं. "बाबा, मी आता आईच्या जवळजवळ दुप्पट वयाची झाले. तिचा आवाज मला माहीत नाही. तुमच्या लग्नाच्या कॅसेटवर पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई आहे, मधे कुणी बोलत असेल तर ऐकू येत नाही. ग्रंथालयामागची आपली खोली दिवाळीनंतर पाडणार असं कळलं. त्याआधी तिथली भिंत वाचून घ्यावी असं मला वाटतं. नियमाप्रमाणे तुमची सही लागेल. कागद सोबत आहे."

भिंत वाचणं हे आता साताऱ्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. मी शास्त्रज्ञ नाही, सगळी नोकरी ग्रंथपाल म्हणून केली. त्यामुळे यातलं थोडं चुकीचंही असेल.

चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. उरलेला कळीचा चुना पाण्यात विरवून, वाळू घालून बैलाच्या घाणीत मळतात आणि भिंतीला लावतात. भिंतीवर चढलेला हा चुना गमावलेला वायू हवेतून परत घेऊ लागतो. खोलीत माणसं असली तर त्यांच्या श्वासातूनही घेतो. असं घेत घेत तो पुन्हा दगड होतो. आधी वरचा पापुद्रा, मग त्याखालचा, मग त्याच्याखालचा. सगळा गिलावा आतपर्यंत दगड व्हायला कित्येक महिने लागतात. या काळात कुणी जवळ बोललं की भिंत थरथरते, आणि त्या क्षणी जमत असलेल्या थरात त्या थरथरीची अतिसूक्ष्म चुणी पडते. बहुतेक चुण्या मोडून जातात. थोड्या टिकतात. आमच्याकडचं यंत्र लेझरनं एकेक थर उचलतं, चुण्या मोजतं आणि मोडलेल्या तुकड्यांमधून आवाज जुळवतं. यंत्राला मोठं नाव आहे, पण सगळे त्याला 'कान' म्हणतात. उचललेला थर मात्र उडून जातो. ध्वनिमुद्रण उरतं, भिंत त्या जागी कायमची मुकी होते.

म्हणजे चुना ओला असतो तोवरच भिंत ऐकते. एकदा दगड झाला की तिच्यासमोर तोफा डागल्या तरी तिला त्याचं काही नाही.

हे कळल्यावर माणसं बदलली. नवं घर बांधणारे हौसेनं चुन्याचा गिलावा करून घेऊ लागले आणि तो वाळेपर्यंत खोलीत स्तोत्रं लावून ठेवू लागले. कुणी मुलांची गाणी म्हणून घेतली. माझ्या शेजारच्या नवरा-बायकोनं नव्या खोलीत भांडायचं नाही असं ठरवलं आणि ते भांडायला जिन्यात येऊ लागले. तिकडे सिमेंटवाल्यांनी 'आमची भिंत ऐकत नाही' अशा पाट्या लावल्या. मग कोर्टकज्जे झाले आणि कायदा आला. ज्या खोलीत राहिलेलं कुणी हयात आहे, ती खोली त्याच्या सहीशिवाय वाचायची नाही. आमच्या खोलीत राहिलेल्यांपैकी तेव्हा सज्ञान असलेला आणि आज हयात असा मी एकटाच.

निवृत्तीनंतर मी राजधानी फेरीत वाटाड्याचं काम धरलं. शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी ही राजधानी वसवली, त्या जुन्या पेठांमधून सकाळी लोकांना पायी हिंडवायचं. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. भिंती बोलू लागल्या नसत्या तर मला या कामावर कुणी ठेवलं नसतं. आता मला फक्त हात वर करून "जरा शांतता" एवढंच म्हणावं लागतं.

"ते तरी मोठ्यानं म्हणा, सर," रेश्मा म्हणते. "तुमच्यापेक्षा भिंत जास्त बोलती."

रेश्मा मुलाणी आमची कानवाली. तिशीची आहे, किल्ल्याखालच्या माचीवर राहते. यंत्राची पेटी खांद्याला आणि तोंडात सुपारी.

नवरात्रातली एक फेरी आठवते. पुण्याहून रणनवरे नावाचे गृहस्थ सहकुटुंब आले होते. त्यांच्या पूर्वजांची सदर आमच्या फेरीच्या वाटेवर आहे. दार ओलांडताच त्यांनी चपला काढल्या.

"आमच्या पणजोबांचे पणजोबा इथं बसून न्याय करायचे," ते म्हणाले. "त्यांचा आवाज ऐकायचाय."

"त्यांचा न्हाई मिळायचा, साहेब," रेश्मा म्हणाली.

"का? भिंत तीच आहे ना?"

"भिंत तीच हाय. पण चुना ओला असताना सरदार कशाला बसतील इथं? अंगरखा खराब व्हायचा."

सगळे हसले, रणनवऱ्यांची बायको सगळ्यांत जास्त. पण खरी गोष्ट तीच आहे, आणि ती अजूनही माझ्या अंगावर येते. या राजधानीच्या भिंतींमध्ये राजे नाहीत, सरदार नाहीत. मोठी माणसं आली तेव्हा भिंती बहिऱ्या झाल्या होत्या. भिंतींत आहेत ते गवंडी, पाणके, चुना मळणारे आणि जमीन चोपणाऱ्या बाया. एखाद्या बोळातून जाताना दोन्ही अंगांनी ही माणसं उभी आहेत असं मला वाटत राहतं. खोकतायत, जेवायची वाट बघतायत. मी भिंतीपासून थोडं दूर राहून चालतो. धक्का लागू नये म्हणून.

सदरेतला आवाज आमच्या फेरीत सगळ्यांत लोकप्रिय. तिथं भिंतींचा गिलावा झाल्यावर बायांनी जमिनीवर चुन्याचा कोबा चोपला होता. ओळीनं बसायचं, लाकडी थापीनं एका लयीत चोपत पुढं सरकायचं. रेश्मानं कळ दाबली. धप, धप, धप, आणि दर थापीला बायांचा हुंकार. मधेच एक लहान मूल किरकिरलं, "आये, कडंवर घे." आणि एक बाई ओरडली, "मर तिकडं, मेल्या! पाठ सोड माझी!"

लोक नेहमीसारखे हसले. कुणी तरी पुन्हा लावायला सांगितलं. पोरं दिवसभर एकमेकांना "मर तिकडं, मेल्या" म्हणत फिरतात. आमच्या फेरी मंडळानं तिचं नाव 'शिव्यांची बाई' ठेवलंय आणि तिचं चित्र पत्रकावर छापलंय.

मी हसलो नाही. मनानं मी त्या वेळी ग्रंथालयामागच्या खोलीत होतो.

ती खोली ग्रंथपालाला राहायला मिळायची. इमारत जुनी, म्हणून कार्यकारिणीनं दुरुस्तीही चुन्यातच करायची असा आग्रह धरला. केतकी तेव्हा दोन महिन्यांची होती. गिलाव्याला दुसरा मुहूर्त नव्हता. शैला, माझी बायको, बाळंतपणानंतर सावरली नव्हती. आज त्या आजाराला नाव आहे, गोळ्या आहेत. तेव्हा आमच्यापैकी कुणाला काही कळत नव्हतं. ती झोपायची नाही, भिंतीकडे तोंड करून बसायची. मूल रडलं की ताठ व्हायची. मग जे बोलायची ते मी पलीकडे पुस्तकं देता-घेताना ऐकलं आहे. "घेऊन जा हिला. मला नको ही. कुणालाही द्या." मी उठून जायचो, केतकीला टोपलीत घालून वर्तमानपत्रांच्या घडवंचीमागे आणून ठेवायचो. वाचक पेपर चाळायचे आणि ती झोपायची.

शैला पुढं काही महिन्यांतच काविळीनं गेली. केतकीला माझ्या आक्कानं वाढवलं. आक्कानं तिला सांगितलं, तुझी आई तुला मांडीवर घेऊन रोज अंगाई म्हणायची. केतकी तेवढ्यावर मोठी झाली. तिच्या पहिल्या मुलीच्या वेळी तिनं मला विचारलं होतं, "कुठली अंगाई, बाबा?" मी आठवत नाही म्हणालो. ते खरं होतं.

आता ती त्या अंगाईसाठी भिंत वाचणार होती.

रेश्मा पाडकामाआधीची पाहणी करायला खोलीत आली, तेव्हा मीही गेलो होतो. खोलीत जुन्या टेबलांचा ढीग. तिनं भिंतीवर बोटं फिरवली.

"चांगला गिलावा हाय, सर. एक बी भेग न्हाई. इथं लई काय काय मिळंल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताईंचा फोन आलता मला. सही झाली का विचारत होत्या."

"तुला फोन करते ती?"

"तुम्हाला विचारायची भीती वाटती म्हणाल्या."

मी एका टेबलावरची धूळ पुसू लागलो.

"ताईंच्या आई नीट बोलत नव्हत्या का?" तिनं हळूच विचारलं.

माणसं मला असं विचारत नाहीत, म्हणून असेल, मी तिला सांगून टाकलं. सगळं नाही, त्यातली दोन वाक्यं. रेश्मानं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

"वरचा पापुद्रा पहिल्या आठवड्याचा," ती म्हणाली. "ते येणार. ते चुकवता न्हाई यायचं."

"म्हणूनच सही करत नाही."

"आणि खाली?"

"खाली काय?"

"पहिलं वाक्य सुटं मिळालं की आपण थांबतो, सर. पुढल्या लोकांसाठी राखून ठेवायचं म्हणून. त्याच्याखाली काय असतं ते मला बी ठावं न्हाई. एवढ्या भिंती वाचल्या, तळापर्यंत एक बी न्हाई."

त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला. सदरेच्या छपरातून पाणी उतरलं आणि शिव्यांच्या बाईची भिंत पोटासारखी फुगली. गिलावा आज पडेल की उद्या, सांगता येईना. मंडळानं निरोप दिला, पडायच्या आत असेल तेवढं वाचून घ्या. सकाळची फेरी रद्द झाली. रेश्मानं तिवई लावली, पेटी उघडली. सदरेत आम्ही दोघंच होतो.

वरचं आम्हाला पाठ होतं. थापी, हुंकार, मुलाचं किरकिरणं, ती शिवी. रेश्मानं खालचे, म्हणजे त्यानंतरच्या दिवसांचे, थर उचलायला सुरुवात केली. बराच वेळ नुसती खरखर. मग पुन्हा थाप्या आल्या. धप, धप, धप. एक बाई म्हणाली, "गोदे, मीठ हाय का गं?" म्हणजे तिचं नाव गोदा. आमच्या पत्रकावर कुठंच नव्हतं ते.

"पोराला बरं हाय का?" दुसरी कुणी तरी.

"अंगार हाय नुस्ता. काय खाईना," गोदा म्हणाली. तोच आवाज, पण दमलेला. थापी मात्र चुकली नाही.

रेश्मा थांबली. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, तशी तिनं पुढला थर घेतला.

खरखर. थापी. बाया बोलत नव्हत्या. थर उतरत गेले, थाप्या चालू राहिल्या, पण त्या मुलाचं किरकिरणं कुठंच येईना. मी वाट बघत होतो. आयुष्यात कुठल्या मुलाच्या रडण्याची एवढी वाट बघितली नव्हती. मग अगदी जवळून, भिंतीला टेकून बोलावं तसा गोदाचा आवाज आला. हलका, समजुतीचा.

"सरक रं बाळा. थापी लागंल."

थाप्या थांबल्या. सगळ्या एकदम. खरखरीत नुसता श्वास ऐकू येत होता, किती जणींचा कोण जाणे.

"गोदे," कुणी तरी म्हणालं, "तितं कोन न्हाई गं."

मग एक थापी पडली. तिच्यामागे दुसरी. हळूहळू सगळ्या पुन्हा लयीत आल्या.

रेश्मानं यंत्र बंद केलं आणि पायरीवर जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसलो. बाहेर ऊन पडलं होतं, कंदी पेढ्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं होती.

"हसवलं आपण लोकांना," ती म्हणाली. "दोन वर्षं."

"आपल्याला ठाऊक नव्हतं."

"ठावं करून घेतलं न्हाई." ओढणीनं तिनं तोंड पुसलं. "आता उद्या काय लावायचं? मंडळ म्हणंल, जुनंच लावा. लोक त्याच्यासाठीच येत्यात."

"लावायचं तर सगळं लावायचं," मी म्हणालो. "नाही तर काहीच नाही."

माझा आवाज सदरेत घुमला. रेश्मानं दचकून वर बघितलं. मीही दचकलो.

दुपारी घरी येऊन मी कागद घेतला. आधी वाटलं, ते दुःख ऐकून आलोय, म्हणून भावनेच्या भरात काही तरी करायला निघालोय. गोदा वेगळी, शैला वेगळी. गोदाच्या भिंतीत खाली माया निघाली, म्हणून शैलाच्या भिंतीतही निघेल असं थोडंच आहे? आमच्या भिंतीत तळापर्यंत तीच वाक्यं असतील. किंवा ती पुढंपुढं जशी गप्प झाली होती, तशी नुसती खरखर असेल. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहीत गेलो आणि मागे वळून वाचलं नाही. वाचलं असतं तर दुरुस्त्या करत दिवाळी गेली असती.

"चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला. भिंतीत काय असेल याची मला भीती वाटत होती. त्यातलं जे मला माहीत आहे, ते तू यंत्राकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐकावंस.

तुझी आई आजारी होती. मला नको ही, कुणालाही द्या, असं ती तुझ्याबद्दल बोलायची. पुष्कळदा बोलायची. वरच्या थरात ते येईल आणि स्पष्ट येईल, कारण ती भिंतीकडे तोंड करून बोलत असे. अंगाई मी कधी ऐकली नाही. आक्कानं ती तुझ्यासाठी रचली, आणि मला ती मोडवली नाही.

खालच्या थरांत काय आहे ते मला ठाऊक नाही. मी दिवसभर पलीकडे असायचो आणि बहुतेक वेळा तू माझ्याजवळ असायचीस, घडवंचीमागे टोपलीत. संध्याकाळी मी तुला परत आणायचो तेव्हा ती काही बोलायची नाही, पण हात पुढं करायची. तुला घ्यायची. भिंतीला हे ऐकू गेलं नसेल, म्हणून मी लिहीत आहे.

सही केली आहे. माझी अट एकच. तू स्वतः यायचंस, आणि सुरुवात केली की तळापर्यंत वाचायचं. पहिल्या वाक्याला थांबायचं नाही. तुला थांबावंसं वाटलं तरी मी थांबू देणार नाही. मी तिथं बसलेला असेन. यंत्र चालवणारी मुलगी चांगली आहे.

येताना स्वेटर आण. इकडे थंडी पडू लागली आहे.

बाबा"

सहीच्या कागदावर नाव लिहिलं आणि तो पत्राबरोबर घडी घालून ठेवला. मग पाकीट चिकटवलं आणि चपला घालून निघालो. पोस्टात खिडकीवर एकच माणूस होता, तोही मोबाइलमध्ये.

"भोपाळला," मी म्हणालो.

त्यानं पाकीट तोललं. "कागदाचं पत्र? बऱ्याच दिवसांनी बघतोय, काका. साधं पाठवू का लवकरचं?"

"लवकरचं."

"नाही पोचलं तर परत कुणाकडं पाठवायचं? मागं तुमचा पत्ता नाही."

मी पेन मागून घेतलं. पाकीट उलटं केलं. तेवढ्यात मागं फिरता आलं असतं, पाकीट माझ्याच हातात होतं. मी पत्ता लिहिला आणि ते खिडकीतून आत सरकवलं. त्यानं शिक्का मारला आणि न बघता मागच्या पोत्यात टाकलं.